राज्य भावाचं, काठी बहिणीची

बायको गेल्यापासून मला बसवत नाही. उभं राहवत नाही, पडून राहवत नाही. सकाळी चहा टाकतो आणि तो उकळायच्या आत गॅलरीत जातो, गॅलरीतून परत आत, आतून जिन्यात. मुलगी कल्याणहून फोन करते, "बाबा, एका जागी बसा जरा." बसून काय करू? समोर हिची खुर्ची. तिकडं तोंड केलं तर त्रास, पाठ केली तर जास्त त्रास.

मी चौथी शिकलेला माणूस. कोलशेतला एका कारखान्यात फिटर होतो. पाना धरायची सवय, पेनाची नाही. पण आमच्या बिल्डिंगमधला काठीचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, सगळे पोट धरून हसले, आणि ती काठी कोणाची, आमच्या घरात कशी आली, हे एकालाही माहीत नाही. म्हणून लिहितो. चुकलं तर चुकलं.

काठी माझ्या सासऱ्याची. भरीव बांबूची, हाताच्या घामानं काळी पडलेली, मुठीखाली पितळेचं कडं. सासरा मिठागरावर मुकादम होता. बांधावर काठी आपटली की जेवायला बसलेली माणसं हातातला घास ठेवून उठायची, असं बायको कौतुकानं सांगायची. मला ते कधी आवडलं नाही. मी पण भोंग्यावर उठणारा माणूस. दुसऱ्याला घासावरून उठवतो त्यात कौतुक कसलं? मी तसं बोललो की ती म्हणायची, "तुम्हाला उठवायला कोण नव्हता ना, म्हणून असे राहिलात."

सासरा गेला तेव्हा खाडीकडच्या जमिनींना भाव यायला लागलेला. हिचा एकच भाऊ, धाकटा. त्यानं आम्हाला बोलावलं, हिला साडी नेसवली, मटण-वडे खायला घातले, आणि हात धुऊन होतायत तोच कागद पुढं केला. हक्कसोड. आमच्यात बहिणी सही करतात. जी करत नाही तिला माहेरचा उंबरा बंद. हिनं पेन घेतलं, मग खाली ठेवलं.

"सही करते. पण बाबांची काठी मना पायजे."

मेव्हणा हसला. "काठी कशाला गो? पंखा ने, मिक्सर ने."

"काठीच."

"ने बाय, ने."

तिनं सही केली. येताना रिक्षात मी बोललो, "राज्य भावाला दिलंस आणि दांडकं घेऊन आलीस." तेव्हा टीव्हीवर बातम्यांत दाखवायचे, महापालिकेच्या सभेत कोणी तरी महापौरापुढचा राजदंड उचलून पळत सुटायचा आणि सभा बंद पडायची. हिला ते बघायला फार आवडायचं. "निघाला बघा घेऊन!" म्हणून टाळ्या पिटायची. तर रिक्षात ती मला बोलली, "राज्य असूदे त्याचं. राजदंड मी पळवलाय. त्याला अजून समजलं नाय."

मी हसलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते कोलशेतचा नाका मागं गेल्यावर दिसलं.

काठी बरीच वर्षं दाराआड उभी होती. कधी जाळी काढायला, कधी मांजर हाकलायला. मग हिला लकव्याचा झटका आला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून ॲल्युमिनियमची चार पायांची काठी दिली, ती हिनं ढकलून दिली. जीभ तेव्हा नीट वळत नव्हती, पण बोट दाराकडं केलं.

तेव्हापासून आमच्या घरात मुकादमाचं राज्य. खुर्चीत बसून फरशीवर काठी आपटायची. पाणी हवं, उशी हवी, टीव्हीचा आवाज कमी हवा, किंवा काहीच नको, मी कुठं आहे एवढंच बघायचं. मी शिव्या देत उठायचो. "तुझा बाप गेला आणि काठी माझ्या डोक्यावर ठेवून गेला," असं म्हणायचो. बिडी ओढून आलो आणि नाही म्हणालो की काठीचं टोक बरगडीत. बोलता येत नसलं तरी खोटं पकडता येत होतं तिला.

दिवाळी होऊन गेली आणि ती गेली. लोक आले, गेले. मी काठी हातात घेऊन फिरायला लागलो. मला काठीची गरज नाही, गुडघे ठणठणीत आहेत. पण हात मोकळा ठेवला की काय करावं सुचत नाही.

आता सभेचं सांगतो.

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला. चार मजले, लिफ्ट नाही, पावसाळ्यात जिन्याचं प्लास्टर डोक्यावर पडतं. ती पाडून नवीन बांधायची, हे सगळ्यांना मान्य. कोणत्या बिल्डरला द्यायची यावरून दोन तट. एक तट सेक्रेटरीचा. दुसरा तट तळमजल्यावरच्या एकाचा, जो एकदा नगरसेवक म्हणून उभा राहून पडला आणि तेव्हापासून स्वतःच्या प्रत्येक बॅनरवर 'भावी नगरसेवक' असं छापून घेतो. विठ्ठलवाडीला त्याचं फ्लेक्स छपाईचंच दुकान आहे, त्यामुळं बॅनर घरचेच.

सभेच्या दिवशी सोसायटीचा अध्यक्ष आजारी पडला. खरा का खोटा देव जाणे. मग खुर्चीत बसवायचं कोणाला? दोन्ही तटांचं एकमत झालं, माझ्यावर.

मी बोललो, "मला काय कळतं यातलं?"

"म्हणून तर काका!" दोघं एकदम बोलले.

गच्चीवर सतरंज्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढं एक टेबल. मी बसलो, काठी टेबलावर आडवी ठेवली. थोड्या वेळात आरडाओरडा सुरू. कोणी कोणाचं ऐकेना, बायका पण उठून भांडायला लागल्या. माझं डोकं भणभणलं. मी काठी घेतली आणि गच्चीच्या लादीवर आपटली.

सगळे गप्प. जे उभे होते ते बसले.

खरं सांगतो, तो आवाज हिच्यानंतर पहिल्यांदा झाला होता. मी स्वतःच दचकलो. मला वाटलं मीच उठायला पाहिजे. पण मी खुर्चीत होतो आणि लोक माझ्याकडं बघत होते. मी बोललो, "एकेकानं बोला. मधे बोलेल त्याच्या पाठीत घालीन." परत काठी टेबलावर ठेवली.

मतदानाची वेळ आली. भावी नगरसेवकानं माणसं मोजली असणार, आपण पडतोय हे त्याला दिसलं असणार. तो पुढं आला, टेबलावरची काठी उचलली, डोक्यावर धरली आणि ओरडला, "राजदंड पळवला! सभा तहकूब!" आणि जिन्यानं धडधडत खाली. त्याच्या तटातल्या पोरांनी मोबाईल सभा सुरू झाल्यापासूनच धरून ठेवलेले. सगळी गच्ची हसायला लागली.

मी म्हटलं हसतील आणि मतदान करतील. पण सेक्रेटरीनं पेनाचं टोपण लावलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"आता सभा चालवता येत नाही काका."

"का?"

"राजदंड गेला ना. नंतर कोणी हरकत घेतली म्हणजे?"

"अरे येड्या, राजदंड कसला? माझ्या बायकोची काठी आहे ती!"

"तुम्ही अध्यक्ष. काठी तुमच्यापुढं होती. तुम्ही आपटलीत, लोक बसले. मग तोच झाला की."

यावर एकही माणूस हसला नाही. चांगली बँकेत, कोर्टात नोकऱ्या केलेली माणसं, त्यांनी माना हलवल्या आणि खुर्च्या एकात एक घालायला लागली. टीव्हीवर राजदंड पळवला की सभा बंद पडते, मग आमची पण पडली. सभा गेली खड्ड्यात. माझी काठी गेली.

जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. शाळेत शिकवायच्या, आता एकट्याच असतात. धीर द्यायला म्हणून बोलल्या असतील. "पूर्वी राजाला गादीवर बसवायचे ना, तेव्हा राजा म्हणायचा, मला दंड करणारा कोणी नाही. मग पुरोहित त्याच्या पाठीवर काठी मारायचा आणि म्हणायचा, आहे, धर्म आहे. काठी राजाच्या हातात यायच्या आधी त्याच्या पाठीवर यायची."

मी बोललो, "बाई, आमच्याकडं मंत्र नव्हते, पण पाठीचं काम रोज चालायचं."

त्या हसल्या आणि मग एकदम डोळ्याला पदर लावला. मी पुढं निघालो. कोणी रडायला लागलं की मला तिथं थांबवत नाही.

दुसऱ्या दिवशी तळमजल्याची बेल वाजवली. साहेब घरी नाहीत. संध्याकाळी, साहेब आंघोळीला. नंतर जिन्यातच गाठला, तर म्हणाला, "काका, देतो हो. आता ते विरोधाचं चिन्ह झालंय. थोडं दम धरा."

माझ्याकडं दमच नव्हता. रात्री हात गादीच्या कडेला चाचपायचा आणि रिकामा यायचा. दिवसा दाराआड नजर जायची. घरात काही तरी आपटलं, वरच्या मजल्यावर पोरानं चेंडू टाकला तरी मी उठून उभा राहायचो. मग ज्या कामासाठी उठलो ते काम नाही, म्हणून परत बसायचो. शेवटी चप्पल घातली आणि विठ्ठलवाडीला त्याच्या दुकानात गेलो.

दुकानात भिंतीवर त्याचाच मोठा फ्लेक्स. दोन्ही हातांत माझी काठी, काठीला झेंडूचा हार, खाली 'जनतेचा राजदंड जनतेच्या हाती'. मी बोललो, "फोटो तुझ्याकडं ठेव. काठी आण."

तो खुर्चीतून उठला. मला चहा सांगितला. तेव्हाच समजलं काही तरी झालंय.

"काका, ती न्यायला आलेले. कोलशेतचे शेठ. व्हिडिओ बघितला, म्हणाले कडं ओळखलं, आमच्या वडिलांची काठी आहे. एवढी मोठी गाडी घेऊन आले, मी नाही कसं म्हणणार? तुमचे मेव्हणेच ना ते?"

"माझ्या बायकोची वस्तू तू तिच्या भावाला दिलीस?"

"घरातच गेली ना काका. बाहेर थोडीच गेली?"

मी चहा प्यायलो नाही. ठाण्याला उतरलो आणि कोलशेतची बस धरली. आमचा कारखाना होता तिथं आता टॉवर आहेत, त्यांच्या काचा उन्हात डोळ्यावर येतात. मिठागर कुठं होतं ते दाखवायला पण कोणी राहिलेलं नाही. मेव्हण्याचा बंगला मात्र लांबून दिसतो. दाराला दोन सिमेंटचे सिंह.

तो मोठ्या सोफ्यात रुतून बसलेला. गुडघे गेलेत त्याचे. हातात काठी. ती बघून मला आधी बरं वाटलं आणि मग एवढा राग आला की कान गरम झाले.

"या दाजी. बसा."

"बसायला नाही आलो. काठी दे."

"तुमची कशी? माझ्या बापाची हाय."

"बापाची होती. मग तुझ्या बहिणीची झाली."

"ती गेली. काठी माहेरी आली. इषय संपला."

"बाराव्याला आलेलास. तेव्हा दाराआडच उभी होती, तुझ्या खांद्याला लागत होती. तेव्हा नाही ओळखलीस? मोबाईलवर ओळखलीस?"

मग काठीवरून हात फिरवत बोलला, "दाजी, खरं सांगू? त्या व्हिडिओत तुम्ही आपटली आनं सगली माणसा खाली बसली. मी चार येला बघितला. माझ्या घरात मी बोंबललो तरी कोण खाली येत नाय. बापाला शंभर माणूस उठून उभा ऱ्हायचा. मना वाटला काठीत कायतरी हाय."

"मग? आपटून बघितलीस?"

"बघा तुम्हीच."

त्यानं आपटली. संगमरवरावर चांगला आवाज झाला, हॉलभर घुमला. वर दोन मुलांच्या खोल्या, दारं बंद, आतून एसीची घरघर. परत आपटली. तिसऱ्यांदा मी त्याचा हात धरला. "बस कर. फरशी फुटेल."

मला त्याची दया आली, पण दयेनं काठी सोडायला मी काही संत नाही. मी बोललो, "असं कर. काठी ठेव तू. पण मग ती हक्कसोड फाड. तिनं जमीन सोडली ती ही काठी घेऊन. सौदा उलटा करायचा तर दोन्हीकडून उलटा कर. काठी तुझी, तिची जमीन तिच्या मुलीची."

मला वाटलं चिडेल, शिव्या घालेल. माझीही तयारी होती, चांगल्या चार शिव्या बसमध्येच जुळवून आलेलो. पण तो शांतपणे म्हणाला, "जमीन कुठं ऱ्हायली? बिल्डरला गेली. पण टॉवरमधी माझ्या नावाच्या खोल्या हायत. त्यातली एक तुमच्या मुलीच्या नावानं करतो. काठी हितं ऱ्हाऊ द्या."

खोली म्हणजे आख्खा फ्लॅट.

मुलगी कल्याणला भाड्यानं राहते. दर वेळी घर बदलताना कपाटाचा एक पाय मोडतो. आणि मी काय धरून बसलोय? बांबू. मला हिचा आवाज आला, लकव्याच्या आधीचा, धडधडीत. घ्या की! लाकूड उराशी धरून पोरीला भाड्याच्या घरात ठेवणार? बिडी प्यायल्यावर बसायचं ना, तसं बरगडीत काही तरी बसलं. खोटं कशाला लिहू, मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलेलं.

तेवढ्यात वरची दोन्ही दारं उघडली.

काठीनं जी उघडली नव्हती ती 'खोली' या शब्दानं उघडली. दोघं मुलगे जिन्यावरून खाली, पाठोपाठ एक सून. मोठा माझ्या पायाच पडला. त्याच्या लग्नानंतर पहिल्यांदा.

"काका, कधी आलात? सांगायचं नाही का?" मग बापाकडं वळून, "बाबा, गोळी घेतली का? काय काय बोलता तुम्ही?"

"मी सुद्दीत हाय," मेव्हणा म्हणाला.

"हो हो. आराम करा तुम्ही." धाकट्यानं बापाच्या मुठीतून काठी काढून घेतली. बोटं एकेक करून सोडवली, लहान पोराच्या हातातलं खेळणं काढतात तशी. आणि माझ्या हातात दिली. "काका, ही आत्याची आठवण. तुमच्याकडंच शोभते. खोलीबिलीचं बाबांचं बोलणं मनावर घेऊ नका, त्यांची तब्येत अशी असते. चला, गाडीनं सोडतो."

एवढा मान मला त्या घरात कधी मिळाला नव्हता. सुनेनं लाडवांचा डबा दिला. मी वळून बघितलं. मेव्हणा सोफ्यात होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, मुठी अजून गोल. मी जिंकून निघालो होतो आणि मला चोरी करून निघाल्यासारखं वाटत होतं.

घरी आलो. काठी दाराआड ठेवली, बरं वाटेना. खुर्चीला टेकवली, ते तर बघवेना. शेवटी हातातच धरून फिरत राहिलो. मिळाली की चैन पडेल असं वाटलेलं. काठी आली, काठीवाली थोडीच आली?

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याचा फोन.

"दाजी, मी खरंच बोल्लो व्हतो. खोलीचं."

"माहीत आहे. म्हणून तर त्यांनी काठी एवढ्या घाईनं माझ्या हातात दिली."

"मग आता?"

"आता काय. काठी माझ्याकडं आहे."

फोनवर त्याचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "एकदा घेऊन या. नुसती बघतो."

मला जायचं नव्हतं. पण घरी तरी कुठं बसवत होतं? रविवारी काठी घेऊन गेलो. सिंहांपाशी पोचतोय तोच वरच्या खिडकीतला पडदा हलला. मी सोफ्यावर टेकायच्या आत दोन्ही मुलगे खाली हजर. एक बापाच्या डावीकडं बसला, एक उजवीकडं. सून चहा घेऊन आली, बशीत खारी बिस्किटं. आम्ही दोघं म्हातारे एकटे पडलो तर खोलीचं बोलणं परत निघेल, ही भीती त्यांच्या तोंडावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली, मला चौथी शिकलेल्याला पण वाचता आली. मोठा बापाला विचारत होता, "बाबा, उशी देऊ का पाठीला? पंखा जास्त होतोय का?"

मेव्हण्यानं माझ्याकडं बघितलं. मिशीतल्या मिशीत हसला. मग मुलाला म्हणाला, "दे. आनं पाय पण चेप जरा, दुखतोय."

मुलगा खाली बसला आणि पाय चेपायला लागला.

मुलीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, खोली काही मिळायची नाही." मला पण माहीत आहे. तिच्या मामाला पण माहीत आहे. माहीत नाही ते फक्त त्याच्या दोन मुलांना.

आता मी दर रविवारी कोलशेतला जातो. काठी हातात धरून, सगळ्यांना दिसेल अशी.